अक्का, तू अख्खी वळायचीस

तमारा अक्का, तू गेल्यापासून माझ्या मानेवर हात आहे. कुणाला सांगायची सोय नाही. कुस्ती शिकवणाऱ्या बाईला भास होतात म्हटलं, तर उद्यापासून पोरींचे आईबाप त्यांना पाठवायचे नाहीत. पण पहाटे गोठ्याचं दार उघडलं, ताडपत्रीवर पाय ठेवला, की मागून एक तळवा मानेवर येऊन बसतो. रुंद, कोरडा, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडलेला. तू दाबत नाहीस. कुस्ती सुरू करताना ठेवायचीस तसा नुसता ठेवतेस, आणि मी काय करते याची वाट बघतेस.

आणि मी काय करणार? इतकी वर्षं जे करत आले तेच. सवयीनं तोच प्रश्न तोंडात येतो. त्या दिवशी तू कुस्ती सोडलीस का, अक्का? मला जिंकू दिलंस का?

तू जिवंत होतीस तेव्हा तुझं उत्तर ठरलेलं होतं. "खतम हो गई वो. अगली कर." मलकपेठेच्या तालमीतल्या पोरांकडून शिकलेली तुझी दख्खनी, आणि तिच्यावर व्होल्गाकाठची जड जीभ. तुझ्या तोंडून "नक्को" ऐकलं की शेवटला 'ओ' खोलीभर घुमायचा. आम्ही पाठीमागे नकला करायचो. तुला माहीत होतं, तू काही बोलायची नाहीस, पण त्या दिवशी ज्यांनी नक्कल केली त्यांना जास्त उठाबशा पडायच्या.

तू पहिल्यांदा आमच्या तालमीच्या दारात उभी राहिलीस तो दिवस आठवतो. रमणा गारू तुझ्याबरोबर होते; तेलुगूत 'गारू' म्हणजे आपलं 'राव'. रशियात इंजिनिअर व्हायला गेलेले हिमायतनगरचे रमणा गारू येताना बायको घेऊन आले, ही बातमी आमच्यापर्यंत आधीच पोचली होती. पण ती बायको पैलवान आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबा लंगोटावर टॉवेल गुंडाळून गडबडीनं बाहेर आले. रमणा गारू म्हणाले, इनकू कुस्ती की प्रॅक्टिस होना, वस्ताद. बाबांनी तुझ्याकडे नाही, तुझ्या कानांकडे बघितलं. दोन्ही कान चेपून गाठोडं झालेले, मुरलेल्या पैलवानाचे असतात तसे. बाबा नुसते "हौ" म्हणाले आणि मला चहा टाकायला सांगितलं. बाबांनी कुठल्या बाईला चहा विचारलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

पण हौद्यात उतरायचं नाही, हे त्यांनी चहाआधीच सांगून टाकलं. आजोबांनी उदगीरकडून येऊन ही तालीम घातली, तेव्हापासून त्या लाल मातीत बाईचा पाय पडलेला नाही. मी त्या घरात जन्मले, हौदा झाडला, मातीत तेल-ताक मिसळलं, हळद टाकली. पण ते सगळं काठावर बसून, हात लांब करून. तू ते ऐकून घेतलंस आणि शेजारच्या गोठ्याकडे बोट केलंस. म्हशी विकल्या होत्या. पिशवीतलं दूध दारोदार यायला लागल्यावर आमचं कोण घेणार? रिकामा गोठा होता. "ये?" तू विचारलंस. बाबांची पंचाईत झाली. गोठ्याला कुठला नियमच नव्हता.

मग तू फळ्या टाकल्यास, त्यांच्यावर भाताच्या कोंड्याची पोती अंथरलीस आणि वर लॉरीची ताडपत्री ताणून बांधलीस. ती आपली मॅट. तीच अजून आहे, ताडपत्री तेवढी बदलली.

बाई म्हणून तुझ्या जोडीला मीच मिळाले, आणि पहिल्याच दिवशी मी तुझा अपमान केला. निदान तुला तसं वाटलं. आमच्यात कुस्तीआधी मूठभर माती उचलून समोरच्याच्या खांद्यावर टाकतात, अंगाला लावतात. तुला पकडताना माझा हात घसरू नये, आणि तू माझ्या बरोबरीची आहेस, दोन्ही त्यात आलं. लहानपणापासून काठावर बसून हेच बघितलेलं. मी हौद्याच्या कडेची माती मुठीत घेऊन आले आणि तुझ्या पांढऱ्या खांद्यांवर टाकली. तू खाली बघितलंस. स्वच्छ पुसलेल्या ताडपत्रीवर माती. पुढच्या क्षणाला गोठ्याची कौलं मला अगदी जवळून दिसली आणि मग पाठ आपटली. त्यानंतर तू झाडू घेतलास आणि ताडपत्री झाडलीस. बाबा दारात उभे राहून पोट धरून हसत होते. "मॅडम, वो इज्जत दी तुमकू," असं त्यांनी सांगितलं तेव्हा तुझा चेहरा पडला. मला उठवलंस, केस झटकलेस. पण झाडू काही ठेवला नाहीस. मॅटवर कचरा तुला खपायचाच नाही, मग तो मानाचा का असेना.

माती की मॅट, हे तुझं आणि बाबांचं भांडण कधी मिटलं नाही. बाबा म्हणायचे, माती माणसाला दम शिकवते. तू म्हणायचीस, माती माणसाला झोपवते. दोघांच्या मधे बसून मी दोघांचं दोघांना समजावून सांगायची आणि दोघांच्या शिव्या खायची. परवा बाबा एकटेच गोठ्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "आता भांडू कुणाशी गं?"

तुझं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ट्रॅक्टरच्या कारखान्यातला तो हॉल, जिथं कुस्ती फक्त पुरुषांची होती आणि तू ज्यूदोच्या नावाखाली आत शिरलीस. मग बायकांच्या कुस्तीला तुझ्या देशानं एकदाची परवानगी दिली, तेव्हा तू तिथल्या मानानं वयानं थोराड झाली होतीस, तरी संघात आलीस. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत तिसरी आलीस. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती नव्हतीच, त्यामुळे तुला त्यापुढे स्वप्न बघायलाही जागा नव्हती. आणि मग देशच फुटला. तुझी ती लाल जर्सी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा छातीवर अक्षरं नव्हती, पण अक्षरांच्या जागी कापड गडद होतं. देशाचं नाव तू स्वतःच उसवून काढलं होतंस. धुऊन धुऊन बाकीची जर्सी फिकी पडली आणि उसवलेलं नाव वाचता येत राहिलं. ती घालून तू कसरत करायचीस आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

आणि इथे येऊन तुझ्या वाट्याला काय आलं? हिमायतनगरात काचेच्या दुकानांच्या वर तो नवीन हेल्थ क्लब निघाला, तिथे बायकांना गाण्यावर हातपाय हलवायला शिकवायचं काम. केबलवर बघून सगळ्यांना बारीक व्हायचं होतं. मी एकदा तुला न्यायला आले होते. भिंतभर आरसे, चकचकीत घट्ट कपड्यातल्या बायका, आणि पुढे तू, गंभीर चेहऱ्यानं, लग्नाच्या वरातीत चुकून सापडलेल्या पोलिसासारखी. मला हसू आवरेना. खाली आल्यावर तू म्हणालीस, "हँस मत. वो मोटी आंटी का बॅलन्स अच्छा है. छोटी मिलती तो पैलवान बनाती." आणि तू ते मनापासून म्हणत होतीस.

तुझ्या सासूबाई तुला कमळ म्हणायच्या, कारण त्यांच्या तेलुगूत तामरा म्हणजे कमळ. देवानंच नाव ठेवून पाठवलीय, असं सगळ्यांना सांगायच्या. तू मला विचारलं होतंस, कमळ चिखलात का येतं? मी म्हटलं, मला काय विचारतेस, तुला तर मातीच चालत नाही. त्यावर तू जी हसलीस ते हसू अजून कानात आहे.

आता त्या सकाळकडे येते. यायलाच पाहिजे.

मला उत्तरेकडच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. मुलींचं शिबिर, तेव्हा नवलाईच होती. बाबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी तालमीचा नियम सांगितला. आजोबांपासून चालत आलेला: ज्याला बाहेरच्या मैदानात जायचं त्यानं आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या पैलवानाची पाठ लावायची. मुलांना हाच नियम, मुलीलाही हाच. आणि गोठ्यातला सगळ्यात मोठा पैलवान तू होतीस. हरले तर बी.कॉम. पुरं करायचं, आणि नांदेडचं एक स्थळ आत्यानं आणून ठेवलेलंच होतं. माझं अख्खं पुढचं आयुष्य त्या ताडपत्रीवर अंथरलेलं होतं, अक्का, आणि तुला ते माहीत होतं. म्हणून तर मी एवढी वर्षं तुला छळलं.

थंडीचे दिवस होते. मी हौद्याच्या काठावरून माती उचलली, आणि मग आठवलं, तुला चालत नाही. मुठीतली माती तशीच परत टाकणार, तेवढ्यात तू पुढे आलीस आणि खांदे वाकवलेस. मी माती लावली. मग माझ्या मुठीतली उरलेली घेऊन तू माझ्या खांद्यांवर चोळलीस. ताडपत्रीवर सांडली, तू बघितलं नाहीस. मग तुझा तळवा माझ्या मानेवर आला.

तू मला काही सोपं दिलं नाहीस, हे मी शपथेवर सांगेन. ओठ फुटला माझा. शेवटी तुझा उजवा पाय जरा पुढे आला आणि मी एकेरी पटाला गेले, पाय उचलून तुला पाडलं. तू लगेच ब्रिज केलास. डोकं आणि तळपाय जमिनीवर, बाकी अंग कमानीसारखं वर, खांदे टेकू न देण्यासाठी. तुझा ब्रिज म्हणजे तालमीतल्या पोरांचा खेळ होता. तू कमान करायचीस आणि दोघंदोघं पोटावर बसायची, तरी मोडायचा नाही. मी छातीवर पडले, मान हातात घेतली, आणि होतं नव्हतं ते सगळं लावलं. कट् असा आवाज झाला. मला वाटलं, पोत्यांखालची फळी तडकली. आणि तुझे खांदे खाली बसले. बाबांनी ताडपत्रीवर हात मारला.

तू थोडा वेळ तशीच पडून राहिलीस, कौलांकडे बघत. मग म्हणालीस, "हौ. चित." आणि हसलीस. उठून, भिंतीकडे तोंड करून, नेहमीसारखी झाडू मारायला लागलीस.

मी शिबिराला गेले. मग दुसऱ्या, तिसऱ्या. पदकं आली, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. पेपरात फोटो आला, बाबांनी तो हनुमानाच्या शेजारी लावला. पण प्रत्येक वेळी, हात वर केला जात असताना, माझ्या डोक्यात तीच कमान. जी दोन पोरांनी मोडत नव्हती ती माझ्यानं कशी मोडली? नुरा कुस्ती होती ती, आधीच मनात ठरवून हरलेली. बाबा म्हणायचे, "मी बघत होतो. नुरा नव्हती." मला वाटायचं, बाप आहे, बोलणारच. आणि अक्का, मला त्याचा राग यायचा, तुझ्या मायेचा राग. माझ्या सगळ्या विजयांच्या खाली तू आधी एक भीक ठेवून दिली आहेस असं वाटायचं, आणि त्या रागात मी मॅटवर समोरच्या बाईला फाडून खायला बघायची.

त्यात तू रशियाला परत गेली नाहीस. तिकडून बोलावणं आलं होतं, नवा संघ उभा राहत होता, जुन्या पैलवान बायकांना परत विचारत होते. आपल्या कुस्तीनंतर दोन महिन्यांनी निघायचं होतं तुला. तू त्यासाठीच तर आमच्याबरोबर घाम गाळत होतीस. आणि एक दिवस म्हणालीस, नै जाती. उधर थंडी भोत है. रशियन बाई थंडीला भ्याली म्हणून सगळी तालीम हसली. मी नाही हसले. मी शिबिराहून आले होते, अंगात वारं भरलं होतं. मी तोंडावर म्हटलं, तू घाबरलीस. तू म्हणालीस, "हौ." एवढंच. माझ्याशी वादसुद्धा घालायची तुझी तयारी नाही, म्हणून मी आठवडाभर अबोला धरला.

आणि तू तुझ्या त्या टॉवेलसकट गोठ्यात येत राहिलीस. गळ्याभोवती टॉवेल, भर उन्हाळ्यातसुद्धा. स्वतः कुस्ती धरणं बंद केलंस, बाकावर बसून शिकवायला लागलीस. डावीकडून कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खी वळायचीस, पायापासून. पोरींनी विचारलं, तर म्हणालीस, पैलवान गर्दन नै घुमाता. पूरा घूमता. जिधर आँख, उधर छाती. किती पटलं होतं मला ते. डोळे एकीकडे आणि छाती भलतीकडे असली की माणूस पडतोच. माझ्या हाताखाली पोरी आल्या तेव्हा मी त्यांना पहिला धडा हाच दिला. मान वळवायची नाही. अख्खं वळायचं.

मागच्या आठवड्यात सकाळी चहा करता करता तू कोसळलीस आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा तुला पेटीत ठेवत होते. सासूबाईंच्या वेळची रेशमी साडी, वर तुझ्या गावाकडची फुलाफुलांची शाल. मी पायांशी उभी होते. रमणा गारूंनी टॉवेल मागितला. घडी करून माझ्या हातात दिला आणि अगदी सहज म्हणाले, "बाएँ तरफ रखो, मंगल, गर्दन के नीचे. उसकी गर्दन सीधी नै रैती ना."

मी विचारलं, कबसे?

ते म्हणाले, "तुमकू नै मालूम? तुम्हारी कुस्ती के दिन से."

मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी तू उलट्या करत घरी पोचलीस. दवाखान्यात फोटोत मानेचा तडकलेला मणका दाखवला. डॉक्टर म्हणाले नशीब, हातपाय वाचले. पण कुस्ती विसरा. म्हणजे रशियासुद्धा. तू त्यांच्याकडून वचन घेतलंस की मला कळता कामा नये. रमणा गारू म्हणाले, मी तिला विचारलं होतं, ती पोरगी तुला दोष देते, तू सोडलीस म्हणते, मग खरं का नाही सांगत? आणि तू काय म्हणालीस ते त्यांनी तुझ्याच शब्दांत सांगितलं, तुझ्यासारखं थांबत थांबत. "उसकू लगने दे मैं छोड़ी. गुस्से में अच्छा खेलेगी. सच मालूम हुआ तो फिर किसी की गर्दन पे हाथ नै डालेगी."

मी टॉवेल ठेवला. डाव्या बाजूला. तुझी मान त्यावर नीट बसली.

नारायणगुड्याच्या कब्रस्तानात पाद्री तेलुगूत काहीतरी म्हणत होते. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझी मी पिशवीत घरून आणली होती, हौद्यातली, तेल-हळदीची. कारण बाबांनी सकाळी पहिल्यांदाच मला सांगितलं होतं, "काठावरून घेऊ नको. आत उतर आणि मधली घे." मी उतरले, अक्का. माती गार होती आणि पाय घोट्यापर्यंत गेले. ती माती मी तुझ्या खांद्यांच्या जागी टाकली, दोन्हीकडे. तू झाडू घेऊन उठशील की काय, असं एकदा वाटून गेलं.

म्हणजे कुस्ती खरी होती. जे ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्या मागे लागले, ते मला मिळालं. मी जिंकले होते. आणि आता ते कुठे ठेवू हे मला कळत नाही. फळी तडकली नव्हती. तो आवाज आता मला चहाच्या कपात ऐकू येतो, दाराच्या कडीत ऐकू येतो. तू घाबरलीस असं मी तुला म्हटलं आणि तू हौ म्हणालीस. एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर. एवढं सांभाळायला कुणी सांगितलं होतं तुला?

चार-पाच दिवस मी पहाटे एकटीच गोठा उघडायची, पोरींना सुट्टी दिली होती. आज त्यांना बोलावलं. पोरी आल्या, ताडपत्री झाडली, मॅटवर कचरा ठेवायचा नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. आज ब्रिज मोडायचा धडा होता. सगळ्यात धाकटी पाठीवर गेली, डोकं टेकवून तिनं कमान केली. मी दाखवायला वाकले, आणि माझा हात तिच्या मानेपाशी जाऊन थांबला. कोवळी मान, शीर उडताना दिसत होती. पुढे जाईना हात. तू बरोबर ओळखलं होतंस मला. माझ्या मानेवर तुझा तळवा होताच.

मी उठले, पाणी प्यायच्या निमित्तानं कोपऱ्यात गेले. बाकीच्या पोरी भिंतीकडे तोंड करून दम खात उभ्या होत्या. मी त्यांना डावीकडून हाक मारली.

सगळ्या वळल्या. पायापासून, अख्ख्या, छाती माझ्याकडे करून. एकीनंही मान वळवली नाही. इतक्या साऱ्या तू माझ्याकडे बघत उभ्या होतीस.

खरं काय ते सांगावं असं ओठांवर आलं होतं. ही युक्ती नाही गं पोरींनो, हे दुखणं आहे, आणि ते माझ्या हातचं आहे, एवढंच सांगायचं होतं. धाकटी अजून कमान धरून होती, पाय थरथरत होते तिचे. "मॅडम, जल्दी," ती म्हणाली.

मी त्यांना काही सांगितलं नाही. परत आले, गुडघे टेकले, तिच्या मानेवर हात ठेवला आणि दाबला.